‘सगळे धर्म सारखेच’ हे मुलांना पुरत नाही

सत्तावीस वर्षं मी कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी हायस्कूलमध्ये इतिहास शिकवला. 2014 साली आषाढी एकादशी रमजानच्या महिन्यात आली होती. आठवीच्या वर्गावर मधल्या सुट्टीनंतरचा तास माझा असे. एक मुलगा डबा न आणता बसून होता आणि बाकीचे त्याला विचारत होते, “पाणीसुद्धा नाही?” मी वर्गात शिरता शिरता म्हटलं, “अरे, रोजा म्हणजे उपासच. आपण एकादशी करतो तसा.” त्याला एकटं वाटू नये, एवढंच मनात होतं. पण तोच म्हणाला, “नाही बाई. एकादशीला खिचडी चालते.” मागच्या बाकावरची एक जैन मुलगी म्हणाली, “आमची आजी दशलक्षणात उपास धरते, तेव्हा खिचडी काय, दूधपण नाही. नुसतं उकळलेलं पाणी, तेही दिवस मावळायच्या आत.” आणि एका बौद्ध मुलानं सांगितलं की त्यांच्या घरी उपास करतच नाहीत.

दोन मिनिटांत तीन मुलांनी माझं वाक्य खोडून काढलं. त्यातला ‘आपण’ हा शब्द मला नंतर फार दिवस टोचत राहिला. मराठीत ‘आम्ही’ म्हटलं की समोरचा वगळला जातो आणि ‘आपण’ म्हटलं की तो आत येतो. मी ‘आपण’ म्हणाले होते, आणि तरी निम्मा वर्ग बाहेर राहिला होता.

सगळे धर्म सारखेच, सगळे शेवटी एकच शिकवतात, नद्या वेगळ्या पण समुद्र एक. हे आपण शाळेत सांगतो, सर्वधर्म सभेत सांगतो, गणेशोत्सवाच्या मंचावरूनही सांगतो. ते सांगणाऱ्यांच्या सद्भावनेबद्दल मला शंका नाही, मी स्वतः वर्षानुवर्षं तेच सांगितलं. पण ते खरं नाही, आणि खरं नसल्यामुळे ऐन वेळी उपयोगी पडत नाही. मूल मोठं होतं, शेजारचं घर खरोखरच वेगळं मानतं आणि वेगळं वागतं हे त्याच्या डोळ्यांना दिसतं. मग शाळेनं आपल्याला गोड बोलून फसवलं असं त्याला वाटू लागतं. अशा वेळी कोणी येऊन कानात सांगतो, ‘ते वेगळे आहेत, म्हणूनच ते आपले नाहीत’. यातला पहिला अर्धा भाग खरा असतो आणि तो खरा सांगणारा हाच पहिला माणूस असतो. म्हणून मुलगा दुसरा अर्धाही गिळतो. वेगळेपणाची ओळख शाळेनंच आधी करून द्यायला हवी, समजून देऊन, न घाबरता. सरकारी शाळांच्या अभ्यासक्रमात जगातल्या धर्मांचा परिचय हा रीतसर विषय असावा, असं माझं म्हणणं आहे.

परिचय म्हणजे स्थापनेचं साल, संस्थापकाचं नाव आणि पवित्र ग्रंथ यांचा तक्ता नव्हे. तो तक्ता मुलं पाठ करतात आणि विसरतात. उपासाचंच उदाहरण पुढे नेऊन पाहू. ‘तुम्ही जेवत का नाही?’ एवढा एकच प्रश्न वेगवेगळ्या घरांत विचारला, तर त्या त्या धर्माच्या गाभ्यापर्यंत जाता येतं.

एकादशी हे व्रत आहे. मनाशी संकल्प करून घेतलेलं, विठ्ठलाच्या जवळ राहण्यासाठी धरलेलं. पण ते कसं धरायचं याचा सर्वांना बांधणारा एक नियम नाही. कोणी निर्जळी करतो, कोणी फराळ करतो, कोणी सोमवार धरतो तर कोणी शनिवार. (फराळाच्या ताटातला बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कसावा, हे सगळं अमेरिका खंडातून आलेलं आहे. वरी मात्र इथली.) ही मोकळीक हिंदू धर्माची खूणच आहे. एक संस्थापक नाही, एकच ग्रंथ नाही, सर्वांवर हुकूम चालवणारं पीठ नाही. जीव आणि ब्रह्म एकच आहेत म्हणणारे शंकराचार्य याच घरातले, आणि ते कधीही एक नव्हेत म्हणणारे मध्वाचार्यही याच घरातले. सांख्य आणि पूर्वमीमांसा या दर्शनांना तर जग निर्माण करणारा ईश्वर लागतच नाही. आपल्याच मातीत वारकरी पंढरीला जातो, आणि तेराव्या शतकातल्या चक्रधरस्वामींचा महानुभाव पंथ सांगतो की देवता मोक्ष देऊ शकत नाहीत, तो फक्त परमेश्वर देतो. कर्म, पुनर्जन्म आणि त्या फेऱ्यातून सुटका हा धागा यांतल्या बहुतेकांना जोडतो. पण ‘हिंदू असं मानतात’ या वाक्यापुढे ‘कोणते?’ हा प्रश्न विचारायला मुलांना शिकवलं पाहिजे.

रोजाचं उत्तर याहून वेगळं आहे. तो ऐच्छिक नाही, प्रौढ आणि निरोगी माणसावर फर्ज आहे. शहादा (श्रद्धेची साक्ष), नमाज, रोजा, जकात (दान) आणि हज या इस्लामच्या पाच स्तंभांपैकी तो एक. पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत अन्न नाही, पाणी नाही. आजारी, प्रवासी, गरोदर स्त्री यांना सवलत आहे, राहिलेले रोजे नंतर भरून काढता येतात. कशासाठी? कुराणात त्याचं कारण दिलं आहे: तकवा, म्हणजे अल्लाहचं सतत भान राहावं. कुराण उतरायला सुरुवात झाली ती याच महिन्यात, ही श्रद्धा त्यामागे आहे. अल्लाह एकच आहे, त्याला कोणी भागीदार नाही, आणि महंमद पैगंबर हे त्याचे प्रेषित आहेत, अवतार नव्हेत. या एका वाक्यावर सगळी इमारत उभी आहे. मुलं नेहमी विचारतात, रमजान दर वर्षी का सरकतो? हिजरी वर्ष निव्वळ चांद्र आहे, त्यात आपल्यासारखा अधिक मास नाही. म्हणून तो दर वर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो आणि साधारण तेहेतीस वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. चैत्राच्या उन्हातला रोजा आणि थंडीतला रोजा असे दोन्ही एका आयुष्यात येतात.

मला सर्वांत जास्त शिकवलं ते जैन आणि बौद्ध या जोडीनं. दोन्ही गंगेच्या खोऱ्यातले, जवळजवळ एकाच काळातले, दोन्ही वेदांचं प्रामाण्य नाकारणारे, दोन्ही जगनिर्मात्या देवाशिवाय चालणारे. पाठ्यपुस्तकात ते बहुधा एकाच धड्यात, एकाच दमात येतात. पण उपासाच्या प्रश्नावर दोघं एकमेकांकडे पाठ करून उभे राहतात.

जैन दर्शनात कर्म हे नुसतं पाप-पुण्याचं खातं नाही. तो सूक्ष्म पुद्गल, म्हणजे जड द्रव्याचा कण आहे, धुळीसारखा जिवाला चिकटणारा. राग, लोभ, हिंसा यांमुळे तो चिकटतो. नवा येऊ न देणं हा संवर, आणि चिकटलेला झाडून टाकणं ही निर्जरा. उपास हे निर्जरेचं साधन आहे. त्या आजी कोणाला प्रसन्न करण्यासाठी उपाशी राहत नव्हत्या. तीर्थंकर वर देत नाहीत, ते स्वतः पार झालेले आणि वाट दाखवणारे आहेत. पाण्यातल्या जिवांचा विचार करून पाणी उकळणारा, दिवस मावळल्यावर न जेवणारा हा धर्म अहिंसेला जितक्या बारकाईनं घेतो, तितकं दुसऱ्या कोणी घेतल्याचं मला दिसत नाही.

गौतमानं मात्र सहा वर्षं कडक तप केलं, पोट पाठीला लागेपर्यंत अन्न सोडलं, आणि मग ते तप टाकून दिलं. सुजातेनं दिलेली खीर त्यानं घेतली. आधीचे पाच सोबती त्याला भ्रष्ट झाला म्हणून सोडून गेले. बौद्ध धर्मातला मध्यम मार्ग या खिरीपाशी सुरू होतो. दुःखाचं मूळ शरीरात नाही, तृष्णेत आहे, मग शरीराला वाळवून काय होणार? कायम टिकणारा आत्माच नाही, तर झाडायची धूळ कशावरची? तरीही बौद्ध परंपरेत उपोसथ हा व्रताचा दिवस आहे. त्या दिवशी अष्टशील, म्हणजे आठ नियम, घेणारा उपासक मध्यान्हानंतर जेवत नाही. म्हणजे माझ्या वर्गातल्या मुलाचं उत्तर त्याच्या घरापुरतं बरोबर होतं, सगळ्या बौद्ध जगापुरतं नव्हतं. त्याच्या घरचा धम्म 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी लाखोंना दिलेला होता. त्यातल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये, बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हे मी मानणार नाही, अशी प्रतिज्ञा आहे. 2011 च्या जनगणनेनुसार देशातल्या सुमारे 84 लाख बौद्धांपैकी 65 लाख महाराष्ट्रात आहेत. इतक्या लोकांनी समजून उमजून ‘नाही’ म्हटलेली गोष्ट आपण दशावताराच्या तक्त्यात सहज चिकटवतो आणि त्याला समभाव म्हणतो. हा समभाव नाही. समोरच्याचं म्हणणं न ऐकताच त्याच्या पाठीवर हात ठेवण्याचा हा प्रकार आहे.

त्याच वर्गातल्या एका मुलीनं पुढे विचारलं, “बाई, आत्माच नाही तर पुन्हा जन्म कोणाचा?” मला उत्तर येत नव्हतं. घरी जाऊन वाचलं, तेव्हा कळलं की हाच प्रश्न ग्रीक राजा मिलिंदानं भिक्खू नागसेनाला विचारला होता, आणि नागसेनानं एका दिव्यावर दुसरा दिवा लावल्याचा दाखला दिला होता. बाबासाहेबांनी तर पुनर्जन्माचा अर्थच वेगळा लावला: आत्म्याचा नव्हे, शरीर ज्या भौतिक घटकांचं बनतं त्यांचा. तेरा वर्षांची मुलगी दोन हजार वर्षांच्या वादात बरोबर दाराशी जाऊन उभी राहिली होती. अभ्यासक्रमात मात्र तिच्या प्रश्नाला जागा नव्हती.

ज्यू धर्मात योम किप्पूर हा प्रायश्चित्ताचा दिवस. सुमारे पंचवीस तास अन्नपाणी वर्ज्य, चामडी पादत्राणंही वर्ज्य. त्यांच्या जुन्या धर्मशास्त्रात एक नियम आहे, तो मी मुलांना नेहमी सांगायचे: माणसानं देवाविरुद्ध केलेल्या पापाची या दिवशी क्षमा होते, पण माणसानं माणसाविरुद्ध केलेल्याची होत नाही, ज्याला दुखावलं त्याची समजूत काढेपर्यंत. आपल्या कोकणातले बेने इस्रायली तेल गाळायचे आणि शनिवारी शब्बाथ म्हणून घाणा बंद ठेवायचे, त्यावरून गाव त्यांना शनवार तेली म्हणत असे. शेजाऱ्यांना त्यांचा धर्म ठाऊक नव्हता, पण त्यांचा शनिवार ठाऊक होता. शिकवायला सुरुवात करायची ती अशाच जागेवरून.

ख्रिस्ती उपासकाळ चाळीस दिवसांचा, येशूनं रानात काढलेल्या चाळीस दिवसांची आठवण म्हणून. गोव्याचा कार्निव्हल आपण नाचगाण्याचा म्हणून ओळखतो, पण तो या उपासकाळाच्या उंबरठ्यावरचा सण आहे आणि त्या शब्दाच्या मुळाशी मांस सोडणं आहे. मात्र ख्रिस्ती धर्मात उपासानं तारण विकत मिळत नाही. देव येशूच्या रूपानं माणूस झाला, क्रुसावर मरण पावला, पुन्हा उठला, आणि त्या कृपेनं माणूस तरतो, हा गाभा. मग उपास हवा कशाला, असं त्यांच्यातच भांडण झालं. 1522 मध्ये झुरिकला एका छापखान्याच्या मालकानं उपासकाळात कामगारांना सॉसेज खाऊ घातले, आणि झ्विंग्ली या धर्मोपदेशकानं प्रवचनातून त्यांची बाजू घेतली. स्विस धर्मसुधारणेची ठिणगी तिथे पडली. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि प्रोटेस्टंट यांच्यातला फरक मुलांना या सॉसेजवरून जितका चटकन कळतो, तितका व्याख्येवरून कळत नाही.

आणि मग उपास न करणारे. पारशी धर्मात जग आणि शरीर ही अहुर मज्दाची चांगली निर्मिती आहे. तिला उपाशी ठेवून दुबळं करणं म्हणजे वाईटाला मदत करणं, म्हणून उपवासाला तिथे मान नाही. फार तर काही ठरावीक दिवशी मांस टाळतात. शीख गुरूंनीही उपासातपासाला मुक्तीचं साधन मानलं नाही. नाम जपा, कष्टाचं खा, वाटून खा, असा त्यांचा मार्ग. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात लंगरच्या पंगतीला बसलं की जेवणं हीच तिथे उपासना आहे हे कळतं. कोणाच्या शेजारी कोण बसलंय हे न विचारता बसणं, हा त्या पंगतीचा अर्थ. त्यांच्या पवित्र ग्रंथात आपल्या नामदेवांची पदं आहेत, हे मराठी मुलांना माहीत असायला हवं. चीनमध्ये कन्फ्यूशियसनं तर सांगून ठेवलं आहे की दिवसभर न खाता आणि रात्रभर न झोपता चिंतन करून पाहिलं, काही लाभ झाला नाही, त्यापेक्षा अभ्यास बरा.

यात सारखेपणा नाहीच असं मी म्हणत नाही. भुकेमुळे दुसऱ्याची भूक कळते हे अनेकांनी ओळखलं आहे. ईदच्या नमाजाआधी गरिबाला द्यायचा फितरा, किंवा योम किप्पूरला वाचला जाणारा, उपास म्हणजे भुकेल्याला आपली भाकर वाटून देणं असं सांगणारा संदेष्ट्याचा उतारा, ही त्याची उदाहरणं. पण हा सारखेपणा मुलांना फरक ओलांडून गेल्यावर सापडला पाहिजे. आधीच हातात दिला तर तो पोकळ राहतो.

आता कायद्याचं. सरकारी शाळेत धर्म शिकवायला घटनेची बंदी आहे, असं शिक्षकांच्या बैठकांत ठामपणे सांगितलं जातं. अनुच्छेद 28 नं बंदी घातली आहे ती पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देण्यावर, म्हणजे ‘हे माना, असं करा’ या उपदेशावर. 1964-66 च्या कोठारी शिक्षण आयोगानं धर्माचं शिक्षण आणि धर्मांविषयीचं शिक्षण यांत स्पष्ट फरक केला होता. 1999 मध्ये आपल्याच शंकरराव चव्हाणांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीनं सर्व धर्मांची मूलतत्त्वं मुलांना सांगावीत अशी शिफारस केली. त्यावर आधारलेल्या अभ्यासक्रमाच्या आराखड्याला आव्हान दिलं गेलं, आणि सप्टेंबर 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की धर्मांचा अभ्यास अनुच्छेद 28 च्या आड येत नाही. म्हणजे वाट मोकळी आहे. आपणच पाऊल टाकत नाही.

न टाकण्यामागची भीती मात्र खोटी नाही. माझ्या पुरोगामी मित्रांना वाटतं, परिचयाच्या नावाखाली बहुसंख्यांचा धर्म पन्नास पानं घेईल आणि बाकीच्यांना दीड-दीड पान मिळेल, तेही हेटाळणीच्या सुरात. नॉर्वेत तसंच झालं. तिथल्या शाळांत 1997 पासून सर्वांना सक्तीचा असा विषय आणला, त्यात ख्रिस्ती धर्माचं पारडं जड होतं, आणि 2007 मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानं पालकांच्या बाजूनं निकाल दिला. आपल्याकडे हा धोका जास्तच आहे. म्हणून प्रत्येक धर्मावरचा पाठ त्या धर्माच्या माणसांनी वाचून, ‘हो, आम्ही असंच मानतो’ असं म्हटल्याशिवाय छापू नये. आणि त्या माणसांमध्ये फक्त पुरोहित, मौलवी, मुनी, पाद्री नकोत, घरातले भांडणारेही हवेत. जे घर काहीच मानत नाही, त्या घरचं मूलही त्या वर्गात असतं, म्हणून चार्वाकापासूनची नास्तिक परंपराही हवी.

घरातल्या भांडणाशिवाय कोणताही धर्म कळत नाही. वटपौर्णिमेला उपास बाईनंच का धरायचा, हा प्रश्न मुलींनी विचारला तर बाईंनी गप्प बसवू नये. लहान मुलांनी लांबलचक उपास करावेत का, यावर खुद्द जैन समाजात मतभेद आहेत, ते सांगावेत. 1966 मध्ये समाजसुधारक हमीद दलवाईंनी तोंडी तलाकविरुद्ध सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईच्या विधिमंडळावर नेला, तोही महाराष्ट्रातल्या इस्लामच्या इतिहासाचा भाग आहे. आणि जातीविषयी एक ओळ न लिहिता हिंदू धर्माचा पाठ लिहिणं म्हणजे मुलांशी खोटं बोलणं.

शिक्षकांचं काय? माझंच उदाहरण दिलं आहे. डी.एड., बी.एड. करताना मला कोणी रोजा आणि उपोसथ यांतला फरक शिकवला नव्हता. मी तो मुलांकडून, त्यांच्या आज्यांकडून आणि उशिरा केलेल्या वाचनातून शिकले. मला सर्वांत उपयोगी पडली ती बोलण्याची एक साधी शिस्त. ‘मुसलमान मानतात की’, ‘जैन दर्शनानुसार’, असं म्हणायचं. ‘असं आहे’ म्हणायचं नाही, आणि ‘म्हणे’ तर मुळीच नाही. मराठीतला तो दोन अक्षरी ‘म्हणे’ एका क्षणात समोरच्याची श्रद्धा हास्यास्पद करून टाकतो, आणि वर्गात ज्याची ती श्रद्धा आहे तो मुलगा खाली मान घालतो.

आपल्याला हे परकं नाही. जोतीराव फुल्यांनी सार्वजनिक सत्यधर्म सांगताना असं कुटुंब कल्पिलं होतं, ज्यात आई बौद्ध, बाप ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी असेल, आणि कोणी कोणाचा द्वेष करणार नाही. त्यांनी चौघांना एकाच धर्माचं केलं नाही, आणि चौघांचे धर्म एकच आहेत असंही म्हटलं नाही. प्रत्येकानं आपापला ग्रंथ वाचून आपापला निर्णय घेतला आहे, आणि तरी स्वयंपाकघर एकच आहे. विनोबांनी कुराणाचं सार काढलं, ख्रिस्ती धर्माचं काढलं, धम्मपदाची नव्यानं मांडणी केली, शिखांच्या जपुजीवर लिहिलं, ते त्या त्या ग्रंथापाशी वर्षानुवर्षं बसून. ज्या राज्यात ही दोन माणसं होऊन गेली, तिथल्या आठवीच्या बाईंना डबा न आणलेल्या मुलाकडे पाहून ‘आपल्यासारखंच’ याहून जास्त काही सांगता येऊ नये, याचं मला वाईट वाटतं.

सहावी ते नववी, आठवड्याला एक तास, इतिहासाच्या शिक्षकाकडे. पाठांतराची परीक्षा नको. वर्षातून दोनदा गावातल्याच विहारात, मशिदीत, बस्तीत (जैन मंदिरात), मठात, चर्चमध्ये जाऊन तिथल्या माणसांना प्रश्न विचारणं आणि आल्यावर लिहिणं एवढंच पुरे. ज्या पालकाला नको असेल त्याला मूल न पाठवण्याची मुभा असावी, घटनेचा कल तोच आहे. पुस्तक यायला वेळ लागेल, समित्या बसतील, वादही होतील. तोवर कोणत्याही शाळेतल्या कोणत्याही शिक्षकाला पुढच्या रमजानमध्ये किंवा पुढच्या एकादशीला वर्गातल्या मुलांना विचारता येईल, तुमच्या घरी आज कोण जेवलं नाही, आणि का.